फॅसिलिटी सॉफ्टवेअर बेळगावात घ्यावं का? डेमोत न दिसणाऱ्या गोष्टींसह परीक्षण

इमारतीची देखभाल, वीज-पाणी आणि तक्रारी सांभाळणारं फॅसिलिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर विकणाऱ्याची पहिली स्लाइड ठरलेली असते: एसीचं तापमान सुधारा, वीजबिल उतरेल. उद्यमबागेत किंवा खानापूर रोडवर ही स्लाइड बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. इथे एसीची खरी ओढ मार्च ते मे. पावसाळ्यात आणि थंडीत खिडकी उघडली की पुष्कळ ऑफिसांचं भागतं. त्यामुळे चेन्नईच्या काचेच्या टॉवरसाठी मांडलेलं बचतीचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. तापमान १ अंशाने वाढवलं की एसीची वीज सुमारे ६ टक्के वाचते, हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा आकडा खरा आहे. पण ६ टक्के कशाचे, ते आधी बघायला हवं. बेळगावच्या इमारतीत पैसा मुरतो तो रात्रीच्या लोडमध्ये, पॉवर फॅक्टरमध्ये (घेतलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण), संपाच्या म्हणजे जमिनीखालच्या टाकीच्या पाण्यात आणि डीजीत, म्हणजे डिझेल जनरेटरमध्ये. सॉफ्टवेअर तिथे काय कामाचं, एवढंच इथे तपासलं आहे.

परीक्षणाला एखादं ठरावीक ॲप घेतलेलं नाही. महिन्याच्या भाड्यावर मिळणारी क्लाउड सॉफ्टवेअरं जवळपास एकाच साच्यातली असतात: तक्रार, वर्क ऑर्डर (कुणी कोणतं काम करायचं त्याची नोंद), देखभालीचं वेळापत्रक, यंत्रांची यादी, मीटरचे आकडे आणि सगळ्यांच्या वर हिरव्या पानाचं चित्र लावलेला एक ‘सस्टेनेबिलिटी’ डॅशबोर्ड. मापाला धरलेली इमारतही इथल्या ओळखीचीच: ४० हजार चौरस फूट, तळमजल्यावर बँक आणि शोरूम, वर तीन मजले ऑफिसं, तळघरात पार्किंग आणि संप, १२५ केव्हीएचा डीजी, ४५ स्प्लिट एसी, दोन लिफ्ट, गच्चीवर ६० किलोवॅटचं सोलर, हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) एचटी, म्हणजे उच्चदाबाची, जोडणी.

सगळ्यात लवकर पैसे फेडतो तो रात्रीचा आलेख. रात्री साडेअकराला इमारतीत वॉचमन आणि मांजर सोडून कुणी नाही, आणि मेन मीटर १२ किलोवॅट दाखवतोय. त्यातला बँकेचा सर्व्हर, एटीएमचा एसी, कॅमेरे, जिन्यातले दिवे असा ६ किलोवॅटचा लोड लागणारच. उरलेले ६ म्हणजे रिकाम्या ऑफिसांतले यूपीएस, वॉटर कूलर, टॉयलेटचे एक्झॉस्ट, टायमर बिघडलेले बोर्ड. रोज १० तास धरले तर ६० युनिट, वर्षाला २१,९००. युनिटला सगळं मिळून ८ रुपये धरा: पावणेदोन लाख रुपये. हे कागदी लॉगबुकात कधीच सापडत नाही, कारण तिथे आकडा सकाळी नऊला एकदाच लिहिला जातो. दर १५ मिनिटांची नोंद असेल तर पहिल्याच आठवड्यात दिसतं.

मात्र अलर्ट कसा लावायचा यात बहुतेक जण चुकतात. ‘८ किलोवॅटच्या वर गेलं की मॅनेजरला मेसेज’ असा नियम लावला की रात्री दोनला फोन वाजतो, चौथ्या दिवशी मॅनेजर तो गट म्यूट करतो आणि विषय संपतो. नियम असा हवा: रात्री ११ ते पहाटे ५, सलग ३० मिनिटं, मर्यादेच्या वर, आणि त्यातून आपोआप वर्क ऑर्डर, सकाळी आठला इलेक्ट्रिशियनच्या नावे, कोणत्या मजल्याचा सब-मीटर वर आहे ते लिहून. सॉफ्टवेअरमध्ये ‘सलग इतका वेळ’ ही अट टाकता येते का, हे डेमोतच विचारा. नुसती वरची मर्यादा घेणारी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत. ती पंप सुरू झाला तरी ओरडतात.

पॉवर फॅक्टरचं प्रकरण सोलर बसवलेल्यांसाठी जास्त महत्त्वाचं. हेस्कॉमच्या एचटी बिलात पीएफ ०.९० च्या खाली गेला की सरचार्ज लागतो. सोलर बसवल्यावर युनिट कमी झाले पण बिलात हा सरचार्ज नव्याने दिसू लागला, अशी कुरकुर ऐकू येते. कारण साधं आहे. समजा दुपारी लोड ८० किलोवॅट आणि ५० केव्हीएआर (मोटर, एसीला चुंबकासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) आहे, पीएफ ०.८५. सोलर इन्व्हर्टर साधारणपणे फक्त किलोवॅट देतो. त्याने ५० किलोवॅट दिले की हेस्कॉमकडून घ्यायचे राहिले ३० किलोवॅट, पण ५० केव्हीएआर जसेच्या तसे. पीएफ घसरला ०.५१ वर. इमारतीचं काहीच बिघडलेलं नाही, मीटरला मात्र तसंच दिसतं. एपीएफसी पॅनल म्हणजे कपॅसिटर जोडून-काढून पीएफ आपोआप सुधारणारी पेटी. तिचा सीटी, म्हणजे तारेतला करंट मोजणारी कडी, हेस्कॉमच्या बाजूला, म्हणजे सोलर जिथे जोडलंय त्याच्या अलीकडे असावा लागतो. तो पलीकडे लोडवर असेल तर पॅनल आपल्या परीने बरोबर काम करतं आणि तरीही सरचार्ज बसतो. सॉफ्टवेअरचा आलेख सकाळी दहा ते दुपारी तीन पीएफमध्ये खड्डा दाखवत असेल तर आधी सीटीची जागा बघावी. नवे कपॅसिटर घ्यायचे की नाही, ते नंतर.

कपॅसिटरचीही झीज होते, आणि ती बिलात यायच्या आत पकडण्यासाठी वेळापत्रकात तिमाही काम टाकावं: क्लॅम्प मीटरने प्रत्येक कपॅसिटरचा करंट मोजून ॲपमध्ये भरणे. ४४० व्होल्टला २५ केव्हीएआर असलेला कपॅसिटर ४१५ व्होल्टवर सुमारे ३१ अँपिअर घेतो. २२-२३ वर आला असेल तर डबा फुगलेला नसला तरी बदलायला झाला. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्याला खालची मर्यादा लावता येते. मर्यादेखाली आकडा भरला की तिथल्या तिथे दुसरी वर्क ऑर्डर निघते. ज्यात फक्त ‘केलं / नाही केलं’ अशी टिक आहे, ते डिजिटल लॉगबुक. भाडं देण्याइतकं काम त्यात नाही.

आता मीटर. विकणारा हा भाग दोन मिनिटांत उरकतो आणि नंतरची निम्मी भांडणं इथेच होतात. आकडे सॉफ्टवेअरला येतात ते आरएस-४८५ नावाच्या पद्धतीने जोडलेल्या तारेवरून, मॉडबसने, म्हणजे मीटरच्या ठरावीक भाषेत. ही तार एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी न्यायची. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. दिव्यांची वायरिंग करणारा मेस्त्री सवयीने एका बॉक्समधून चारी दिशांना फाटे काढतो. मग दुपारी आकडे येतात, लिफ्ट चालली की जातात. प्रत्येक मीटरला पत्ता वेगळा लागतो. कारखान्यातून येताना सगळ्यांचा बहुधा १ च असतो. आणि सीटी रेशो, म्हणजे तारेतला करंट सीटी किती पट लहान करून मीटरला देतो ते प्रमाण. सीटी २००/५ चा, मीटरमध्ये भरलंय १००/५, तर अख्खा मजला निम्म्या विजेवर चालतोय असं दिसतं आणि ‘बचत’ म्हणून त्याचं कौतुकही होतं. एका फेजचा सीटी उलटा बसला असेल तर सारख्या लोडवर एकूण आकडा एक-तृतीयांश येतो, कारण दोन फेज बेरजेत आणि एक वजाबाकीत जातो. यावर उपाय एकच: पहिला महिना सॉफ्टवेअरचे युनिट हेस्कॉमच्या बिलाशी लावून बघायचे. मेन मीटरमध्ये ३ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर डॅशबोर्डवरचा एकही आलेख खरा धरू नये. सब-मीटरची बेरीज ५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालेल.

४० हजार चौरस फुटांना मीटर किती? मेन, सोलर, डीजी, प्रत्येक मजल्याला एक, लिफ्ट आणि पंप मिळून एक. आठ पुरतात. प्रत्येक एसीला मीटर सुचवणारा माणूस मीटर विकायला आलाय असं समजावं.

पाण्याला तीन मीटर बसवावेत, पल्स देणारे (आकडा तारेवरून सॉफ्टवेअरला कळवणारे): महापालिकेच्या नळावर, बोअरवर आणि गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर. रात्री ऑफिस बंद असताना खालच्या पाइपमधून तासाला ३०० लिटर जात असतील तर कुठल्या तरी फ्लशचा व्हॉल्व्ह बसत नाहीये. आठ तासांत २,४०० लिटर. एप्रिल-मेत टँकर मागवणाऱ्या इमारतीला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. टँकरची नोंद वॉचमन करतो, ती ‘आला, ५,००० लिटर’ अशी. संपात लेव्हल सेन्सर असेल तर प्रत्यक्ष किती पडले ते कळतं. हा सेन्सर स्वस्त असतो आणि टँकरवाल्याचा स्वभाव सुधारतो.

पावसाच्या पाण्याबाबत सॉफ्टवेअरचं काम फक्त आठवण करून देण्याचं, पण वेळेवर. बेळगावात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस. ९०० चौरस मीटर गच्चीवरून गळती वगैरे वजा करून ९ लाख लिटरच्या वर पाणी मिळू शकतं. ते मिळतं की गटारात जातं, हे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर ठरतं: गच्ची झाडणे, जाळ्या काढून धुणे, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह फिरतो का बघणे, फिल्टरमधली वाळू-खडी धुणे. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या तयार यादीत ही कामं ‘दर तीन महिन्यांनी’ अशी असतात. ती खोडून तारीख लावा: २५ मे, मृग लागायच्या आत. ऑगस्टमध्ये फिल्टर धुवायची वर्क ऑर्डर येऊन काय उपयोग?

तयार यादीचा हाच दोष इतर ठिकाणीही दिसतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागांत फाउंड्रीची बारीक धूळ असते. तिथल्या ऑफिसचा एसी फिल्टर महिन्याने धुवायचा म्हटला तर तोवर तो फेल्टसारखा झालेला असतो. कोरड्या दिवसांत आठवड्याला, पावसाळ्यात महिन्याला, असं दुहेरी वेळापत्रक लावता आलं पाहिजे. सोलरचंही तसंच. किलोवॅटला दिवसाला ४ युनिट ही वर्षाची सरासरी. जुलैत ती खूप खाली येते. वर्षभर एकच मर्यादा लावली तर सॉफ्टवेअर पावसाळाभर ‘सोलर बिघडलं’ म्हणत राहतं, आणि ऑक्टोबरात एखादी स्ट्रिंग (पॅनेलांची एक ओळ) खरोखर बंद पडते तेव्हा त्याचं कुणी ऐकत नाही. महिन्यागणिक वेगळी मर्यादा घेणारं सॉफ्टवेअर हवं.

डीजीला ‘२५० तास किंवा १२ महिने, जे आधी येईल ते’ अशी जोड अट लागते. शहरात डीजी वर्षाला ६०-७० तासच चालला तर तासांच्या अटीवर ऑइल कधीच बदललं जाणार नाही. डिझेल आणि युनिट दोन्ही भरले तर आणखी एक गोष्ट उघड होते. बऱ्या लोडवर लिटरला ३ ते साडेतीन युनिट मिळायला हवेत. दोनवर आलं तर डीजी फार कमी लोडवर चालतोय, नाहीतर डिझेलला दुसरी वाट सापडली आहे. ३० टक्क्यांच्या खाली सतत चालवलेल्या डीजीच्या धुराड्यात काळं तेलकट पाणी साचतं, तेही कारण तपासावं. काढलेलं ऑइल हे घातक कचऱ्यात मोडतं. ते नोंदणीकृत रीसायकलरलाच, फॉर्म १० सह (घातक कचरा वाहून नेण्याचा कागद) द्यायचं असतं. त्या फॉर्मचा फोटो वर्क ऑर्डरला जोडणं सक्तीचं करता येतं का बघा. प्रदूषण मंडळाचा माणूस आला की फायली उपसाव्या लागत नाहीत.

हिरव्या डॅशबोर्डबद्दल थोडक्यात. वाहन कंपन्यांना सुटे भाग देणाऱ्या इथल्या कारखान्यांकडे आता वीज, पाणी, कचऱ्याचे आकडे मागणारे तक्ते येतात, कारण सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केला आणि त्या खालच्या पुरवठादारांना विचारू लागल्या. तेव्हा कार्बनचा आकडा लागतो हे खरं. पण विजेच्या युनिटवरून कार्बन काढायला आत भरलेला गुणक कोणत्या देशाचा आहे ते उघडून बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा आकडा युनिटला ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. डिझेलला लिटरमागे सुमारे २.६८ किलो. आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे एसीचा गॅस. आर-४१०ए चा एक किलो हवेत गेला की २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं नुकसान, म्हणजे जवळजवळ २,८७० युनिट विजेइतकं. आर-३२ चा आकडा ६७५. ‘गॅस भरला’ एवढीच नोंद असेल तर काही कळत नाही. किती ग्रॅम, कोणता गॅस, गळती कुठे होती, हे तीन रकाने सक्तीचे करा. गळती न शोधता दर एप्रिलला गॅस भरणारा एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेकेदार) मग यादीत आपोआप वर येतो.

वापरणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात मोठी अडचण भाषेची, आणि ती फक्त मराठी-इंग्रजीची नाही. एकाच इमारतीत हाउसकीपिंगच्या मावशी मराठीत बोलतात, पंप ऑपरेटर कन्नडमध्ये, बँकेचा मॅनेजर इंग्रजीत. ‘पाणी गळतंय’, ‘लिकेज’, ‘नीरु सोरुत्तिदे’: एकच नळ, तीन तक्रारी, आणि वर्षअखेरीच्या अहवालात तीन वेगळे बिघाड. मेनू कन्नड आणि मराठीत असला तर उत्तमच, पण त्याहून जरुरीचं म्हणजे टाइप करायलाच न लावणं. १५ ते २० बिघाडांची चित्रांसह यादी करा, तक्रारदाराने बोट ठेवावं, हवं तर आवाजात बोलावं. यादी ६० वर नेली की सगळे ‘इतर’ निवडतात.

क्यूआरचे स्टिकर साध्या कागदाचे लावू नयेत. बेळगावच्या एका पावसाळ्यात आउटडोअर युनिटवर फक्त डिंकाचा डाग उरतो. बाहेर कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टी, आत पॉलिएस्टर. क्यूआर स्कॅन केल्याशिवाय काम बंद करता येणार नाही, अशी अट चालू ठेवा. नाहीतर संध्याकाळी ५:५० ते ५:५४ या चार मिनिटांत बावीस एसींचे फिल्टर ‘धुतलेले’ सापडतील. वेळेचा हा रकाना महिन्यातून एकदा सुपरवायझरच्या समोर उघडून बसावं, बोलायची फारशी गरज पडत नाही. तळघरात रेंज नसते, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकून, संपाजवळ उभं राहून, फोटोसकट एक वर्क ऑर्डर बंद करून बघा. वर आल्यावर ती फोटोसकट चढली तर ठीक. ही पाच मिनिटांची परीक्षा डेमोच्या दिवशीच घ्यावी. तासभराच्या स्लाइडपेक्षा जास्त कळतं.

भाडं कशावर आहे, हे दरापेक्षा महत्त्वाचं. वापरकर्त्यागणिक भाडं असेल तर मालक खर्च वाचवायला एकच लॉगिन पाच जणांना देतो. मग काम कुणी केलं हे कळायची सोयच गेली. चौरस फुटांवर किंवा यंत्रांच्या संख्येवर भाडं असलेलं इथल्या इमारतींना बरं पडतं. मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ताही आहे. ईआरपीनेक्स्ट आधीच हिशेबाला वापरत असाल तर त्यात मालमत्ता आणि तिच्या देखभालीची नोंद येते. ओपनमेंट खास इमारतींसाठी बनलेलं आहे आणि बीआयएम नकाशाही (इमारतीचा त्रिमितीय डिजिटल नकाशा) जोडून घेतं, पण आपल्याकडच्या बहुतेक इमारतींचा खरा वायरिंगचा नकाशासुद्धा कुणाकडे नसतो. दोन्हींचा परवाना फुकट; सर्व्हर सांभाळणारा माणूस फुकट नाही.

निपाणी-चिकोडीकडची दोन मजली दुकानं, खडे बाजारातलं दहा-बारा गाळ्यांचं कॉम्प्लेक्स यांनी हे घेऊ नये. त्यांना एक मेन मीटर, एक शीट आणि महिन्यातून एकदा बघणारा माणूस पुरे. एचटी जोडणी, डीजी, लिफ्ट आणि ३० च्या वर एसी असतील तिथे भाडं वसूल होतं. दोन-तीन इमारती एकाच्याच देखरेखीखाली असतील तर लवकर. हॉस्पिटल आणि हॉटेलांना तर घ्यायलाच हवं, तिथे रात्र-दिवस लोड असतो.

सुरुवात करताना सगळे विभाग एकदम चालू करू नयेत. पहिले दोन महिने फक्त मीटर आणि तक्रारी. तिसऱ्या महिन्यात डीजी, पंप, लिफ्ट, एपीएफसी यांचं वेळापत्रक. एसी सगळ्यात शेवटी, फेब्रुवारीत, म्हणजे उन्हाळ्याआधी यादी तयार. आणि सही करण्यापूर्वी करारात एक ओळ लिहून घ्या: करार संपला तरी १५ मिनिटांचे सगळे आकडे, वर्क ऑर्डर आणि फोटो साध्या सीएसव्ही फाइलमध्ये मिळतील. चाचणीच्या काळातच ती फाइल एकदा मागवून उघडून बघावी. पुष्कळदा तिच्यात महिन्याची बेरीज तेवढी असते, रात्रीचा आलेख नसतो.